सात वर्षांचं वचन आणि तक्त्याचे तीन रकाने

(सोयगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, सत्तरी ओलांडली, आणि आता हे सर महागड्या मोबाइलवर बोलणार! त्याचं कारण सांगतो. माझ्या पुतण्याचा मुलगा संभाजीनगरला शिकायला आहे. सुट्टीत घरी आला आणि माझ्यापुढे फोन धरला. म्हणाला, "आबा, यातला कोणता घेऊ?" पडद्यावर एक तक्ता होता. वर तीन फोनांची नावं, बाजूला तीन गोष्टी : किंमत, परफॉर्मन्स, सॉफ्टवेअर. प्रत्येक चौकटीत दहापैकी गुण. शेवटी बेरीज, आणि बेरजेच्या डोक्यावर मुकुटाचं चित्र.

मी तो तक्ता बराच वेळ पाहिला. बेरीज बरोबर होती, पण ज्यांची बेरीज केली त्या गोष्टी एका जातीच्या आहेत का, असा प्रश्न मला पडला. आज तेवढंच बोलायचं आहे.

किमतीपासून सुरुवात करू. २०२४–२५ च्या हंगामातले तीन फोन घ्या, बाजारात आले तेव्हाच्या भावाने. आयफोन १६ : ७९,९०० रुपये. गूगलचा पिक्सेल ९ : ७९,९९९ रुपये. सॅमसंगचा गॅलक्सी एस२५ : ८०,९९९ रुपये. कंपन्या तीन, चिप तीन तऱ्हेच्या, आणि फरक किती? अकराशे रुपयांच्या आत. म्हणजे या भावात फक्त मालाची किंमत नाही. गिऱ्हाइकाचा खिसा कुठवर ताणता येतो, याचा तिघांचा अंदाज एकाच आकड्यावर येऊन थांबला आहे. फरक आतल्या मालात सापडतो. त्या भावात आयफोनमध्ये १२८ जीबी जागा होती, बाकीच्या दोघांत २५६ जीबी.

आता हाच आकडा आपल्या भाषेत मांडू. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. हिशेब करा. एक फोन म्हणजे साडेदहा ते पावणेअकरा क्विंटल कापूस, तोही हमीभाव पदरात पडला तर. कोरडवाहू रानात एवढा कापूस किती एकरांतून निघतो, ते तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. पोराच्या तक्त्यात या रकान्याला 'दहापैकी सात' होते. कुणाच्या खिशासाठी सात? ते लिहिलेलं नव्हतं.

दुसरा रकाना परफॉर्मन्सचा, म्हणजे फोन किती चपळ चालतो. हे मोजायला गीकबेंचसारखी ॲप्स आहेत. ती फोनला ठरावीक गणितं घालतात आणि गुण देतात. या कसोटीवर पिक्सेल ९ मधली टेन्सर जी४ चिप बाकी दोघांच्या मागे पडते, यात वाद नाही. पण गुण फोनचा, की त्या परीक्षेचा?

२०२२ च्या मार्चमधली गोष्ट आहे. सॅमसंगच्या फोनांत एक सोय होती, गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस नावाची. फोन तापू नये म्हणून ती अनेक ॲप्सचा वेग कमी करायची. ठीक आहे, तापलेला फोन कुणाला हवा? पण वेग मोजणारी ॲप्स तिने मोकळी सोडली होती. परीक्षेच्या वेळी पळायचं, एरवी चालायचं. हे उघडकीला आल्यावर गीकबेंचने एस१० पासून एस२२ पर्यंतच्या गॅलक्सी मालिका आपल्या यादीतून काढून टाकल्या, आणि सॅमसंगने नंतर हा लगाम ग्राहकाच्या हाती देणारं अपडेट आणलं.

ॲपलवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. २०१७ च्या डिसेंबरात गीकबेंच बनवणाऱ्यांनीच जुन्या आयफोनांचे आलेख काढले. नवं सॉफ्टवेअर आल्यावर तोच फोन मंद झालेला दिसला. मग कंपनीने कबूल केलं की बॅटरी थकलेल्या फोनांचा वेग आम्ही अपडेटमधून कमी केला, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण खोटं नव्हतं, पण ग्राहकाला सांगितलं नव्हतं. माफी मागावी लागली, बॅटरी बदलण्याचा दर कमी करावा लागला, आणि २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड केला.

गूगलही सुटलेलं नाही. २०२५ च्या जानेवारीत २०२० सालच्या पिक्सेल ४ए ला एक अपडेट आलं, आणि काही फोनांची बॅटरी एका रात्रीत निम्मी झाल्यासारखी वाटू लागली. कंपनीने फुकट बॅटरी बदलून देण्याची किंवा भरपाईची सोय केली. पण अपडेट आपोआप आलं होतं, मालकाला विचारून नव्हे.

मी या तीन गोष्टी कंपन्यांची उणीदुणी काढायला सांगितल्या नाहीत. त्यांच्यातून एक निष्कर्ष निघतो. फोनचा वेग हा, बैलाच्या अंगात ताकद असते तसा, फोनच्या अंगातला कायमचा गुण नाही. तो सॉफ्टवेअरच्या ताब्यात आहे, आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या. म्हणजे दुसरा रकाना तिसऱ्या रकान्याच्या पोटात आहे. किमतीचंही तेच, कारण फोन किती वर्षं सुरक्षित चालेल हे सॉफ्टवेअरच ठरवणार. तीन रकाने वेगळे धरून बेरीज केली, तिथेच हिशेब चुकला.

आता तिसऱ्या रकान्याकडे येऊ. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ पासून सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. तक्त्यात याला दहापैकी दहा! अहो, पण हे वचन आहे. स्क्रीन मोजता येते, वजन करता येतं, वचन कशाने मोजणार?

इथे आपल्या न्यायदर्शनाची आठवण होते. ज्ञानाची साधनं चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमान म्हणजे तुलना. त्याचं ठरलेलं उदाहरण असं : रानातला माणूस सांगतो की गवा गाईसारखा असतो. पुढे आपण रानात जातो, गाईसारखं जनावर दिसतं, आणि कळतं, अरे, हाच गवा. तुलनेने ओळख पटली. तो कळपात राहील का, नांगराला चालेल का, हे तुलनेने कळत नाही. फोनांच्या तुलनेचंही तसंच. ती ओळख करून देते, पुढच्या वागण्याची हमी देत नाही.

हमीचा प्रांत शब्दप्रमाणाचा. तिथे अट अशी की बोलणारा 'आप्त' पाहिजे. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. न्यायशास्त्रात आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. पंधरा दिवस फोन वापरून व्हिडिओ करणारा माणूस पंधरा दिवसांपुरता आप्त आहे. त्याला खोटा म्हणू नका, पण सातव्या वर्षाबद्दल तो तुमच्या-माझ्याइतकाच अनभिज्ञ आहे.

मग वचन तपासायचं कसं? न्यायसूत्रांमध्ये वेदांच्या प्रामाण्याची चर्चा करताना आयुर्वेदाचा दाखला दिला आहे. आशय असा, की जिथे पडताळा घेता येतो तिथे बोलणारा खरा ठरला, तर जिथे अजून पडताळा नाही तिथेही त्याच्या शब्दावर विसंबायला आधार मिळतो. तो युक्तिवाद तुम्हाला पटो न पटो, पण फोन घेताना याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही. मागची वागणूक पाहा.

लावून पाहू. ॲपलचा २०१५ चा आयफोन ६एस २०२१ च्या आयओएस १५ पर्यंत पोचला. २०१८ चा एक्सआर २०२४ च्या आयओएस १८ पर्यंत. म्हणजे सहा वर्षांनंतरही नवी आवृत्ती, हे झालेलं आहे. सॅमसंगने २०२० मध्ये तीन आवृत्त्या कबूल केल्या, एस१० ला त्या मिळाल्या. मग चार कबूल केल्या, एस२१ ला त्याही मिळाल्या. सात मात्र अजून कुणालाच मिळालेल्या नाहीत. गूगलने २०२४ च्या डिसेंबरात पिक्सेल ६ आणि ७ ची मुदत कबुलीपेक्षा वाढवली, ही चांगली गोष्ट. पण सात वर्षांचा पहिला निकाल लागेल २०३० मध्ये. तोवर दहापैकी दहा देणं म्हणजे पेरणीच्या दिवशीच उताऱ्याचा आकडा लिहिणं.

आणि समजा सातही वर्षं वचन पाळलं. ८०,००० भागिले सात, वर्षाला साधारण ११,४०० रुपये. शिवाय बॅटरी. आयफोन १५ पासूनच्या फोनांबद्दल ॲपल सांगतं, एक हजार पूर्ण चार्जनंतर बॅटरी मूळच्या ८० टक्के क्षमतेवर राहील. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर तीन वर्षंही होत नाहीत. म्हणजे सात वर्षांत बॅटरी निदान एकदा बदलणं आलं. उलट २०,००० चा फोन चार वर्षं वापरला तर वर्षाला ५,००० पडतात. 'महाग घ्या, शेवटी स्वस्तच पडतं' हे कानाला गोड लागतं, गणितात बसत नाही. महाग फोन घ्यायला इतर कारणं असू शकतात. चांगला कॅमेरा हवा असेल, हौस असेल. हौसेला मी नावं ठेवत नाही. पण हौसेला बचत म्हणू नये.

आणखी एक रकाना त्या तक्त्यात नव्हताच. मराठीचा. आयफोनची सगळी व्यवस्था मराठीत दिसण्याची सोय २०२५ मध्ये आयओएस १८.४ पासून आली. अँड्रॉइडवर ती त्याआधी कितीतरी वर्षं होती. एस२४ बरोबर फोनवरच्या बोलण्याचं थेट भाषांतर आलं, तेव्हा तेरा भाषांत हिंदी होती, मराठी नव्हती. उलट मराठीत बोलून टाइप करणं २०१७ पासून गूगलच्या कीबोर्डवर आहे, आणि ते स्वस्त फोनवरही चालतं. तेव्हा 'सॉफ्टवेअर उत्तम' असं कुणी म्हटलं की विचारा, कुणाच्या भाषेत?

तुलना करणाऱ्यांना मी निरुपयोगी म्हणत नाही, हे लक्षात घ्या. सॅमसंगची आणि ॲपलची गोष्ट मोजणाऱ्यांमुळेच बाहेर आली. पण ती फोन विकले गेल्यावर, वापरात मोजल्यामुळे. पहिल्या दिवशीच्या मोजमापाला ती दिसली नसती. म्हणून माझी मागणी एवढीच : ज्यांनी आज गुण दिले, त्यांनी तोच फोन तीन वर्षांनी पुन्हा काढून गुण द्यावेत. तो व्हिडिओ मी पहिला पाहीन.

(प्रश्न : सर, मग तुम्ही पोराला काय सांगितलं?)

सांगितलं की आधी तीन उत्तरं आण. या कंपनीचा चार वर्षांपूर्वीचा फोन आज कसा चालतो, तो वापरणाऱ्या माणसाला विचारून. बॅटरी बदलायला किती पैसे आणि कोणत्या गावाला जायचं. आणि हप्ते संपल्यावर फोनची किती वर्षं उरतात. तो म्हणाला, "आबा, हे कुठल्याच व्हिडिओत नाही." मी म्हटलं, म्हणूनच विचारतोय. दोन उत्तरं घेऊन आला आहे, तिसरं बाकी आहे. हप्ता त्याचा बाप भरणार आहे, त्यामुळे तिसरं त्याने बापालाच विचारावं, असं मी सुचवलंय.