मऊ

आमच्या घरातल्या सर्वात प्रतिष्ठित वस्तूचं नाव होतं 'मऊ'. मूळ ते माझ्या आईचं लुगडं. लुगड्याचं दुपटं झालं, दुपट्याची चिंधी झाली आणि चार वर्षांच्या नातवाच्या हाती पडून चिंधीची 'मऊ' झाली. सौ.नं एकदा ती चोरून धुतली, तर चिरंजीवांनी हुंगून 'ही मऊ नाही' असा निकाल दिला आणि दोन रात्री घर जागवलं.

मग सुनेनं मला डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज मनोविश्लेषकाचा निबंध वाचायला दिला. 1951 साली वाचलेला, 1953 साली छापलेला. निबंध उत्तम आहे. ही वस्तू धुऊ नये, धुतल्यानं मुलाच्या अनुभवात खंड पडतो, असं तो म्हणतो. मी हे सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवलं. संसारात टीकाकाराला असा विजय क्वचितच मिळतो! ही वस्तू तू घडवलीस की तुला सापडली, असंही मुलाला विचारू नये म्हणे. हे पथ्य समीक्षकांनी कवींच्या बाबतीत पाळलं असतं तर मराठी कविता सुखी झाली असती.

माझा आक्षेप आहे तो शेवटाला. तो म्हणतो, हळूहळू या वस्तूतला अर्थ ओसरतो. मूल तिला विसरत नाही आणि तिचा शोकही करत नाही. कबूल. पण ती बर्डीवर ऑटोत राहून गेली तर?

आमची राहिली. स्टँडवर चौकशी केली तेव्हा एकजण म्हणाला, "चिंधीच तं होती ना काका! एवढं काऊन शोधून राह्यले?"

सौ.नं जुन्या पातळाचा तुकडा फाडून दिला, नामंजूर. मी काफ्काकडे वळलो. 1923 साली बर्लिनच्या बागेत बाहुली हरवलेल्या एका मुलीला त्यानं बाहुलीच्या नावानं प्रवासाची पत्रं लिहून दिली, अशी आठवण त्याची मैत्रीण डोरा डायमंट हिनं सांगितली आहे. मीही मऊचं अमरावतीहून आलेलं पत्र वाचून दाखवलं. नातवानं शांतपणे विचारलं, "मऊला हात कुठे आहेत?" काफ्काची युक्ती बाहुल्यांपुरतीच आहे, याची समीक्षकांनी नोंद घ्यावी.

तेवढ्यात तान्हा पोळा आला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केला असं नागपुरात सांगतात तो, लाकडी बैलांचा. माळ्यावरून माझा लहानपणचा बैल काढला. एक शिंग गेलेलं, चाकं तीन.

"आबा, हा हरवला असता तर?"

"रडलो असतो."

"मग मी रडू?"

तेव्हा लक्षात आलं, की आठ दिवस आम्ही त्याला बिस्किटं दिली, गोष्टी सांगितल्या, नवीन चिंधी दिली; रडायला तेवढी सवड दिली नाही. "रड बेटा," म्हटलं. तो मनसोक्त रडला. आईचं ते शेवटचं लुगडं होतं, हे मला तेव्हाच आठवायचं काय कारण होतं कोण जाणे! पण आठवलं.

मग तीनचाकी बैल ओढत स्वारी बोजारा गोळा करायला निघाली. विनिकॉटच्या निबंधात माझ्यामते एवढी एक ओळ वाढवायला हवी: सुटलेल्या वस्तूचा शोक नसेल, पण हरवलेलीचा असतो, आणि तो करू द्यावा.

सौ.नं आम्हा दोघांनाही रुमाल दिले. धुतलेले.