चिंच नसलेली यादी

‘कुत्र्याला हे खाऊ घालू नका’ अशा मथळ्याच्या याद्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि पशुवैद्यांच्या दवाखान्यांत सर्रास दिसतात: चॉकलेट, कांदा, द्राक्षे, मनुका, मॅकाडेमिया, झायलिटॉल. हेतू चांगलाच आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाने अशी यादी जशीच्या तशी वर्गात न्यावी का? आमच्या मते, नाही.

पहिला दोष प्रमाणाचा. चॉकलेटमधील थिओब्रोमाइन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश निघून जाते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे १७ तास लागतात. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम पोटात गेले की उलट्या व अस्वस्थता सुरू होते, ४०च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, ६०ला झटके येऊ लागतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ते दर ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम असते, कोको पावडरमध्ये २० किंवा त्याहून अधिक. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने २० ग्रॅम दुधाचे चॉकलेट खाल्ले तर किलोमागे ४ मिलिग्रॅम होतात, तेवढीच कोको पावडर खाल्ली तर ४०! यादीत दोन्हींवर एकच फुली.

कांद्याचे वेगळेच. कुत्र्याने भजी खाल्ली, संध्याकाळपर्यंत काही झाले नाही, की यादी खोटी ठरते. वस्तुतः कांद्यातील गंधकयुक्त संयुगांमुळे तांबड्या पेशी फुटतात, पण रक्तक्षय दिसायला काही दिवस जातात. शिजवून वा तळून हा दोष जात नाही. याद्या यातले काहीच सांगत नाहीत.

दुसरा दोष आम्हाला अधिक खटकतो. ही यादी परक्या स्वयंपाकघरातून उचललेली आहे. द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००१ पासून नोंदले गेले; कारण मात्र सापडत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. धागा मिळाला तो क्रीम ऑफ टार्टर घालून घरी मळलेल्या, मुलांच्या खेळण्यातल्या कणकेतून; ती खाल्लेल्या कुत्र्याचीही तीच गत झाली होती. २०२२च्या अहवालात चिंच खाल्लेले कुत्रेही आहेत. ‘आपण चिंच खातोच की!’ असे मुले म्हणतील. २०२३ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या पेशींवर प्रयोग झाले, तेव्हा या आम्लाने कुत्र्याच्या पेशींना इजा झाली, माणसाच्या पेशींना नाही.

द्राक्षात हे आम्ल शेकडा १च्या आसपास, चिंचेच्या गरात ८ ते १८. मॅकाडेमिया आपल्याकडे किती घरांत येते? चिंच मात्र बरणीत, आमटीत, अंगणात वाळत घातलेली, सगळीकडे. तरी यादीत तिचे नाव नाही.

किती चिंच घातक, हे अद्याप ठरलेले नाही; द्राक्षांचेही सुरक्षित प्रमाण ठाऊक नाही. तेव्हा फोडलेली चिंच आणि कोळून उरलेला चोथा कुत्र्याच्या तोंडी लागेल असा ठेवू नये. खाल्लीच, तर उलट्यांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे आणि काय, किती, केव्हा खाल्ले व कुत्र्याचे वजन किती, एवढे सांगावे.