दोनदा येणारा कांदा

नाशिकची मिसळ मिसळून समोर येत नाही, हे तिचं पहिलं वैशिष्ट्य. थाळीत मोड आलेल्या मटकीची वाटी, वर शेव-फरसाण, बाजूला वेगळ्या वाटीत रस्सा. मग पाव, पापड, दही, चिरलेला कांदा, लिंबाची फोड. पुण्यात पोहे-चिवड्यावर सँपल घातलेली बशीच हातात येते आणि कोल्हापुरात कटाचा झणका बोलतो. नाशिक मात्र खाणाऱ्यावर विश्वास टाकतं. किती रस्सा, कधी दही, पापड चुरायचा की बुडवायचा, हे त्यानं ठरवायचं. मिसळीला एवढा मोकळेपणा दुसऱ्या कुठल्या शहरानं दिला असेल असं मला वाटत नाही.

हे वळण एका दुकानाचं नाही. मेन रोडवरचं भगवंतराव, पंचवटीतली अंबिका आणि मोतीवाला कॉलेज रस्त्यावरची साधना अशा हॉटेलांनी ते मिळून घडवलं. त्यातही साधनाचं काम मला मोठं वाटतं. 'चुलीवरची मिसळ' असं नावातच सांगून त्यांनी चूल स्वयंपाकघरातून गिऱ्हाइकासमोर आणली. त्यानंतर शहराभोवतीच्या मळ्यांत, द्राक्षबागांत मिसळीची ठिकाणं उभी राहिली आणि रविवारची सकाळ म्हणजे मिसळ हे घराघरात ठरून गेलं. झोपाळे, बैलगाड्या हा पुढचा पसारा. माझं लक्ष जाळाकडे असतं, कारण शहराच्या पदार्थाची ओळख जाळावरूनही ठरते.

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात फ्रँक पेपे या इटलीहून आलेल्या माणसानं १९२५ साली पिझ्झाचं दुकान काढलं. त्या शहराचा पिझ्झा आजही कोळशाच्या भट्टीतल्या काळ्या डागांच्या कडेवरून ओळखतात. १९३८मध्ये त्याच्या भाच्यानं त्याच रस्त्यावर स्वतःचं दुकान उघडलं, तेही त्याच कोळशाच्या आचेवर. दुकानं वाढली तरी भाजण्याची खूण कायम राहिली. आपल्याकडची तशी खूण म्हणजे काळा मसाला.

मी सायखेड्याचा, गोदाकाठचा, निफाड तालुक्यातल्या कांद्यात वाढलेला. म्हणून या थाळीत मला आधी कांदा दिसतो, आणि तो दोनदा येतो. एकदा रस्स्याच्या काळ्या मसाल्यात. निखाऱ्यावर कांदा भाजायचा, सुकं खोबरं काळपट होईस्तोवर परतायचं, धने आणि खडा मसाला घालून सगळं वाटायचं. भाजताना कांद्यातलं पाणी जातं, साखर काळवंडते आणि तिखटाखाली एक खोल गोडवा बसतो. एक पायरी पुढे गेलं की रस्सा कडू, एक पायरी मागे राहिलं की नुसता लाल. सगळी कसोटी तिथे आहे. मग तोच कांदा दुसऱ्यांदा वर येतो, कच्चा, बारीक चिरलेला, पाणीदार. काळ्या रस्स्याच्या घासात तो दाताखाली फुटतो तेव्हा एकाच कंदाची दोन टोकं तोंडात भेटतात. मला तरी नाशिकच्या मिसळीचा सगळ्यात सुंदर क्षण हाच वाटतो.

दह्याची वाटीही शोभेची नाही. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, म्हणून घटाघटा पाणी पिऊन जीभ थंडावत नाही. दह्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश तो धरून ठेवतात. तेलाची तर्री वर तरंगते आणि तिखट तिच्यासोबत तरंगतं. दही सुरुवातीलाच रस्स्यात ओतणाऱ्यांचं मला वाईट वाटतं, कारण काळ्या मसाल्याची चव आधी एकटीच घ्यायला हवी.

थाळीतला कांदा वर्षभर एकच नसतो. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो, कोरडा आणि घट्ट. मसाल्यासाठी भाजायला तो उत्तम. दिवाळीच्या सुमाराला लाल पोळ कांदा येतो, पाण्यानं भरलेला, साठवणीला नालायक पण वरून घालायला रसरशीत. म्हणून त्या दिवसांत मिसळ खाल्लीत तर लिंबू पिळण्याआधी कांद्याची एक चिमूट नुसती खाऊन बघा; मगच रस्सा ओता.