गुन्हेगार घरातच सापडतो तेव्हा

‘किशोरवयीन वाचकांना रहस्यकादंबरी का आवडते?’ हा विषय घेऊन तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात, तर पहिल्या पानावर काय येणार ते आत्ताच सांगता येतं. कुतूहल, थरार, कोडं सोडवण्याचा आनंद, तर्कशक्तीचा विकास. यातलं काहीच खोटं नाही. पण हे सगळं सुडोकूलाही लागू पडतं की! मग तीनशे पानांची कादंबरीच कशाला हवी?

म्हणून विषय जरा आवळून घेऊ. ज्या कादंबऱ्यांत तपास करणारं मूल तपासाच्या शेवटी पहिल्यासारखं राहत नाही, तेवढ्याच बघू. माझ्या मते या कादंबऱ्या वाचकाला धरून ठेवतात, कारण चौदा-पंधराव्या वर्षी प्रत्येक जण घरात हाच तपास करत असतो. मोठी माणसं दार लोटून काय बोलतात? मी खोलीत आलो की विषय का बदलतो? कोडं हे निमित्त असतं.

इथे तोदोरोव्ह उपयोगी पडतो. रहस्यकथेच्या प्रकारांवरच्या 1966 च्या लेखात तो म्हणतो, की अभिजात रहस्यकथेत दोन गोष्टी असतात: गुन्ह्याची आणि तपासाची. पहिली पुस्तक सुरू होण्याआधीच संपलेली असते. दुसरीत फारसं काही घडत नाही, फक्त कळत जातं. आणि तपास करणाऱ्याला अभय असतं, त्याला काही होऊ शकत नाही. हा ‘अभया’चा मुद्दा नीट धरून ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता आपला फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकणारा, सायकलवर सुसाट, तोंडात ‘टॉक्’. भा. रा. भागवतांनी त्याला कितीतरी संकटांत घातलं. मार खातो, कोंडला जातो, धडपडतो. तरीही माझ्या हिशेबात त्याला पूर्ण अभय आहे. कारण दुष्ट माणूस बाहेरचा असतो, आणि पुढच्या पुस्तकात बन्या त्याच वयाचा, तितकाच निर्मळ परत येतो. फेणेचं वय वाढलं ते 2017 च्या चित्रपटात, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण म्हणून. फेणेला नावं ठेवायची नाहीत मला. ते वेगळं सुख आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते मिळायलाच हवं. पण मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’त (2004) नववीतला मुकुंद जसा आतून हलतो, तसा फेणे हलत नाही. मराठीत साहस-रहस्य एका रांगेत आणि वयात येणं दुसऱ्या, असंच बहुतेक चालत आलं. दोन्ही एकत्र बघायचं तर मला बाहेरचं उदाहरण घ्यावं लागतं.

मार्क हॅडन या इंग्रज लेखकाची ‘द क्युरिअस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही 2003 ची कादंबरी. (वाचायची असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.) पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर गणितात हुशार, पण माणसांचे चेहरे त्याला वाचता येत नाहीत. शेजारणीचा कुत्रा कुणीतरी मारला, त्याचा तो तपास करतो. शेरलॉक होम्स त्याचा लाडका, कादंबरीचं नावही होम्सच्याच एका कथेतून आलेलं.

वडील तपासाला विरोध करतात, वही काढून घेतात. ती शोधताना त्याला कपाटात आईची पत्रं सापडतात. आई वारली असं त्याला सांगितलेलं, आणि पाकिटावरचा शिक्का त्यानंतरचा! ख्रिस्तोफर अडखळतो; पत्र दुसऱ्याच कुणाचं असेल, अशीही शंका घेतो. वाचकाला मात्र कळून चुकलेलं असतं. या पानावर वाचक ‘डिटेक्टिव्ह’च्या पुढे निघून जातो, आणि पुढे जाऊन त्याला आनंद होत नाही. कुत्रा वडिलांनीच मारला हेही नंतर तेच कबूल करतात, तेव्हा पुस्तकाची बरीच पानं उरलेली असतात. कोडं सुटलं तरी कादंबरी थांबत नाही, कारण आता प्रश्न बदलला: खोटं बोललेल्या बापाबरोबर एका घरात राहायचं कसं? अभय गेलं. ख्रिस्तोफरचा जीव धोक्यात असतो असं नाही, त्याचं घर विश्वासाचं राहिलेलं नसतं.

इथवर आपण फक्त संहिता वाचली. यावरून ‘किशोरांना हे आवडतं’ असं लिहिलंत तर व्हायव्हात पहिला प्रश्न येईल, कुठल्या किशोरांना? वोल्फगांग इझर ज्याला अभिप्रेत वाचक म्हणतो, म्हणजे संहितेनेच गृहीत धरलेला, त्याच्याविषयी आपण बोलू शकतो. वाशीम किंवा कणकवलीच्या दहावीतल्या मुलीविषयी नाही. शिवाय हॅडनचं हे पुस्तक एकाच वेळी मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी अशा दोन स्वतंत्र आवृत्त्यांत निघालं होतं. तेव्हा ‘किशोर कादंबरी’ हे लेबल मजकुरातून आलं की मुखपृष्ठावरून, हेही पुस्तकं निवडतानाच ठरवावं लागेल.

मग प्रश्नावली? जपून. अठराच्या आतल्या मुलांशी बोलायचं तर पालकांची संमती हवी, शाळेची परवानगी हवी. म्हणजे आईबाप खोटं बोलतात अशा पुस्तकाबद्दल आपण आईबापांची सही घेऊन, बाई वर्गात उभ्या असताना विचारणार. उत्तर काय येईल? ‘रहस्य उलगडताना मजा आली, विचारशक्ती वाढली.’ पोरं बिलंदर असतात, आपल्याला काय ऐकायचंय ते त्यांना बरोबर कळतं.

त्यापेक्षा ‘का आवडलं’ हे विचारूच नका. पत्रं सापडतात त्या पानावर वाचन थांबवायला सांगा. कोऱ्या कागदावर, नाव न घालता, दोनच गोष्टी लिहून घ्या: खरं काय घडलं असेल, आणि हे ख्रिस्तोफरला कुणी सांगावं की सांगू नये. पहिल्या उत्तरातून कोडं कुणाला सुटलं ते दिसेल. दुसऱ्याला जास्त वेळ द्या, आणि कागद गोळा करताना बाईंना वर्गाबाहेर थांबायची विनंती करा.