एका उन्हाळ्याचा पुरावा

शाळेच्या भूगोलात 'हवा' आणि 'हवामान' हे दोन निराळे शब्द आहेत. हवा म्हणजे वातावरणाची आजची, फार तर या आठवड्याची स्थिती. हवामान म्हणजे एखाद्या प्रदेशातील हवेची दीर्घ काळाची, साधारणतः ३० वर्षांची, सरासरी स्थिती. हा फरक परीक्षेत विचारला जातो आणि विद्यार्थी तो बिनचूक लिहितात. वर्गाबाहेर मात्र तो टिकत नाही. उद्या पाऊस पडेल का हे सांगते ते 'हवामान' खाते, आणि शंभर वर्षांत पृथ्वी किती तापली याची चर्चा होते तीही 'हवामान' बदल म्हणूनच. शब्दांची ही सरमिसळ विचारात उतरली की काय होते, हे आर्क्टिक महासागरावरील बर्फाविषयी गेल्या काही वर्षांत जे लिहिले व दाखवले गेले, त्यावरून चांगले कळते. त्या लिखाणाची थोडी झडती घ्यावी, असे आम्हास वाटते.

आधी मूळ माहिती पाहू. उत्तर ध्रुवाभोवतीच्या या महासागराचा पृष्ठभाग हिवाळ्यात गोठतो. बर्फाचा विस्तार मार्चच्या सुमारास सर्वांत जास्त आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी असतो. १९७९ पासून उपग्रह सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने, म्हणजे ढग वा अंधार असला तरी, हा विस्तार मोजत आहेत. १९८१ ते २०१० या ३० वर्षांत सप्टेंबरमधील किमान विस्ताराची सरासरी सुमारे ६२ लाख चौरस किलोमीटर होती. २०१२ साली तो घसरून सुमारे ३४ लाखांवर आला. म्हणजे जवळजवळ आपल्या देशाच्या क्षेत्रफळाएवढाच बर्फ उरला. हा नीचांक २०२५ पर्यंत तरी मोडलेला नाही.

पुढच्याच वर्षी, २०१३ च्या सप्टेंबरमध्ये, हा विस्तार ५० लाखांच्या थोडा वर राहिला. ब्रिटनमधील एका रविवारच्या वृत्तपत्राने बर्फ वर्षभरात ६० टक्क्यांनी वाढला, आता पृथ्वी थंड होऊ लागली, अशा अर्थाचा मथळा छापला. ६० चा आकडा पुढे दुरुस्त करून २९ करावा लागला. पण आमचा मुख्य आक्षेप आकड्यावर नाही. आकडा अचूक असता तरी निष्कर्ष चुकीचाच ठरला असता. आदल्या वर्षीची संख्या फारच लहान असली की साधी वाढही टक्केवारीत मोठी दिसते. शंभरपैकी दहा गुण मिळवणाऱ्या मुलाला पुढच्या खेपेस वीस मिळाले, तर त्याचे गुण शंभर टक्क्यांनी वाढले हे खरे. पण तो नापासच असतो. २०१३ चा बर्फही ३० वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ११ लाख चौरस किलोमीटरने कमीच होता.

मग दोन वर्षांत एवढा फरक का पडला? येथे 'हवा' येते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आर्क्टिकवर एक प्रचंड वादळ घोंगावले आणि आधीच पातळ झालेला बर्फ त्यात फुटला, विखुरला. २०१३ चा उन्हाळा तुलनेने थंड व ढगाळ गेला. वर्षावर्षांतील अशा चढउतारांत हवेचा वाटा मोठा असतो. हवामान कळायचे तर अनेक वर्षे एकत्र पाहावी लागतात.

ही चूक एकाच बाजूने झाली असती तर हा लेख लिहिण्याचे फारसे कारण नव्हते. केंब्रिजचे सागरी बर्फाचे अभ्यासक पीटर वॅडम्स यांनी २०१२ साली भाकीत केले, की २०१५-१६ पर्यंत उन्हाळ्यातील आर्क्टिक बर्फमुक्त होईल. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये तेथे ४० लाख चौरस किलोमीटरहून अधिक बर्फ होता. थोड्या वर्षांच्या तीव्र उताराला पट्टी लावून रेषा पुढे ओढली, की असे होते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये कॅनडाच्या उत्तर भागातील एका हाडे निघालेल्या ध्रुवीय अस्वलाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. हवामान बदल असा दिसतो, असा तिचा रोख होता. ते अस्वल म्हातारे होते, आजारी होते की जखमी, हे चित्रफितीवरून कळण्यास मार्गच नव्हता. 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने २०१८ साली, आपण हा संबंध ठामपणे जोडण्यात मर्यादा ओलांडली, अशी कबुली दिली. उद्देश चांगला होता म्हणून पुरावा चांगला होत नाही.

भक्कम पुरावा कसा असतो? २००७ ते २०२५ ही १९ वर्षे घ्या. उपग्रहांच्या संपूर्ण नोंदीतील सर्वांत कमी बर्फाची १९ वर्षे हीच आहेत. त्यांत २०१३ सारखी 'बरी' वर्षेही आली. डर्क नॉट्झ व ज्युलिएन स्ट्रोव्ह यांनी २०१६ साली दाखवले, की माणसाने सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरमधील सुमारे ३ चौरस मीटर बर्फ नाहीसा होत आला आहे. कारणही समजण्यासारखे आहे. बर्फ त्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग परतवतो. उघडे पाणी दहा टक्केही परतवत नाही. बर्फ हटला की समुद्र अधिक तापतो आणि आणखी बर्फ वितळतो. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, त्यामागील कारणांपैकी हे एक महत्त्वाचे कारण आहे.

याच नोंदीतील एक अडचणीची गोष्टही झाकून ठेवू नये. गेल्या सुमारे वीस वर्षांत सप्टेंबरच्या बर्फाची घट मंदावली आहे. नैसर्गिक चढउतार काही काळ तापमानवाढीचा परिणाम झाकू शकतात, हे संगणकीय प्रारूपांतही दिसते. म्हणूनच दहा-वीस वर्षांवरून घाईने काही बोलू नये. घट संपली असेही नाही आणि उद्या सारे वितळेल असेही नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने प्रश्न विश्वासाचा आहे. 'यंदा विक्रमी बर्फ वितळला, म्हणून पृथ्वी तापत आहे' असे आपण शिकवले, तर पुढच्या वर्षी बर्फ वाढल्यावर विद्यार्थी उलट निष्कर्ष काढील. त्याचे तर्कशास्त्र चोख असेल. आपण दिलेला नियमच चुकीचा असेल.

त्यापेक्षा १९७९ पासूनचे सप्टेंबरचे आकडे मुलांना आलेखकागदावर मांडू द्या. मग कागदाच्या दोन पट्ट्यांनी बाकीचा आलेख झाकून २००७ ते २००९, किंवा २०१२ ते २०१४, एवढीच वर्षे उघडी ठेवा. रेषा वर चढताना दिसेल. नंतर पट्ट्या काढा. हवा आणि हवामान यांतला फरक मुलांना व्याख्येवाचून कळेल, आणि कोणी थोडीच वर्षे दाखवून काही सिद्ध करू लागला, तर 'पट्टी काढा' असे म्हणण्याची सवयही लागेल.