शहराने शिकवलेली कला, इटियाडोहला राहिलेले आकाश

मराठी हौशी आकाशछायाचित्रकारांचे गेल्या काही वर्षांतले काम पाहिले, तर तंत्रात आपण कुठे कमी पडत नाही, हे मान्य करावे लागते. 2021 मध्ये पुण्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाने पन्नास हजारांहून अधिक फ्रेम जोडून चंद्राचे छायाचित्र तयार केले आणि ते देशभर गाजले. पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास उभे राहिलेले खगोल मंडळ आहे. आकाश ओळखणाऱ्यांच्या पिढ्या अशा संस्थांनी घडवल्या. कॅमेरा हातात घेतलेली आजची मुले त्याच परंपरेतली आहेत.

चंद्र आणि ग्रह तेजस्वी असतात, त्यामुळे ते भर शहरातूनही टिपता येतात. खरी परीक्षा अंधूक दीर्घिका आणि तेजोमेघांपाशी सुरू होते. आकाशाची पार्श्वभूमी किती काळी आहे, ते एका चौरस आर्कसेकंदाच्या प्रतीवरून, म्हणजे तेजाच्या मापावरून, मोजतात; आकडा जितका मोठा, तितके आकाश काळे. नैसर्गिक काळोखात हा आकडा 22 च्या जवळ जातो, मोठ्या शहराच्या मध्यभागी तो 18 च्या आसपास येतो. चार प्रतींचा हा फरक म्हणजे सुमारे चाळीसपट उजेड. काळोख्या माळावर एखादी अंधूक दीर्घिका पंधरा मिनिटांत जितकी उतरते, तितकी उतरायला शहरातल्या गच्चीवरून दहा तास लागतात.

ही दरी भरून काढायला छायाचित्रकारांनी जे केले, त्याला दाद द्यायला हवी. तीन-तीन मिनिटांच्या शंभर फ्रेम घ्यायच्या, कॅमेऱ्याचे दोष वजा करायला डार्क आणि फ्लॅट फ्रेम वेगळ्या काढायच्या, मग सगळे एकावर एक रचून स्टॅक करायचे. संकेत शंभरपट होतो, गोंगाट दहापटच वाढतो, आणि सुट्या फ्रेममध्ये नुसता करडा धुरकटपणा दिसत होता तिथून तेजोमेघाच्या कडा वर येतात. नॅरोबँड फिल्टर आणखी पुढे नेतात. हायड्रोजनची 656.3 आणि ऑक्सिजनची 500.7 नॅनोमीटरची रेषा तेवढी आत घ्यायची, बाकीचा प्रकाश बाहेर ठेवायचा. जुने सोडियमचे दिवे 589 च्या आसपास पिवळा प्रकाश देत, तो गाळणे सोपे होते. एलईडीचा पांढरा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला असतो, म्हणून जुने फिल्टर निकामी झाले आणि अरुंद पट्ट्याचे महाग फिल्टर घेणे भाग पडले.

पण या यशाने विषयांची निवड आक्रसली. नॅरोबँडमध्ये खुलतात ते स्वतः प्रकाशणारे वायूचे ढग. देवयानीतली दीर्घिका किंवा कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ त्यात साधत नाही, कारण तो ताऱ्यांचाच, सर्व रंगांचा प्रकाश असतो. मग मृगातला तेजोमेघ, रोझेट, हंसातला उत्तर अमेरिका तेजोमेघ अशी ठरलेली यादी पुन्हापुन्हा येते, तीही जगभर रूढ झालेल्या निळ्या-सोनेरी रंगांत. ठाण्यातून काढलेले चित्र आणि टेक्सासमधून काढलेले चित्र यांत फरक सांगता येत नाही. कारागिरी उत्तम, पण चित्राला गाव नाही.

म्हणून इटियाडोहसारख्या जागेकडे पाहायला हवे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर हे धरण आहे. मोठे शहर जवळ नाही, भोवती डोंगर आणि जंगल, पलीकडे नवेगाव-नागझिऱ्याचा व्याघ्रप्रकल्प. हे ठिकाण 21 अंशांच्या थोडे दक्षिणेला आहे, त्यामुळे धनु राशीतला आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला जवळपास चाळीस अंश वर चढतो. युरोपातल्या बहुतेक छायाचित्रकारांना तो क्षितिजाजवळच मिळतो. हिवाळ्यात अगस्त्य तारा पाण्यावर येतो. अडचणीही इथल्याच आहेत: पावसाळ्याचे चार महिने कोरे जातात, थंडीत जलाशयाच्या दवाने भिंगावर पाणी धरते, आणि मोह वेचायच्या दिवसांत जंगलातल्या वणव्यांचा धूर दक्षिण क्षितिज खाऊन टाकतो. इथला छायाचित्रकार आपले पंचांग या सगळ्यावरून ठरवेल.

या भूमीला स्वतःचे आकाशही आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथले खगोलज्ञान नोंदवले, ते 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. सप्तर्षीच्या चौकोनात गोंडांना खाट दिसते, तर मागचे तीन तारे ती चोरायला निघालेले चोर. मृगात त्यांना नांगर दिसतो. धानाच्या बांधीवर उभा नांगर आणि वर मृगातला नांगर हे एकाच फ्रेममध्ये येणे, हा विषय दुसऱ्या कुठल्या देशाचा छायाचित्रकार आपल्याआधी घेऊ शकत नाही. असे काम आपल्याकडे फार थोडे दिसते.

त्याऐवजी वाढते आहे ती जोडकामाची सवय: किल्ला एका रात्रीचा, आकाशगंगा दुसऱ्या जागेची, आणि चित्राखाली त्याचा उल्लेख नाही. स्टॅकिंगमध्ये समोर होता तोच प्रकाश गोळा होतो. परक्या जागेचे आकाश चिकटवले की जागेची साक्षच खोटी ठरते. प्रदर्शनात आणि स्पर्धेत ठिकाण, तारीख, एकूण एक्सपोजर आणि जोडकाम यांची नोंद सक्तीची असावी.

आणि घाई करायला हवी. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून 2023 मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी सुमारे 10 टक्क्यांनी उजळते आहे. या वेगाने आठ वर्षांत उजेड दुप्पट होतो. गावोगावी उघड्या तोंडाचे पांढरे एलईडी लागत आहेत. इटियाडोह त्यातून आपोआप सुटणार नाही. मात्र उपाय विदर्भातच करून दाखवला गेला आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्प देशातले पहिले डार्क स्काय पार्क ठरला, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले पथदिवे खाली तोंड करणारे बसवले गेले. गावे अंधारात गेली नाहीत, उजेड फक्त रस्त्यावर पडू लागला.

फिल्टरवर हजारो रुपये घालणाऱ्या मंडळींनी आपले बळ इथेही लावावे. धरणाकाठच्या ग्रामपंचायतींना दिव्यांचे साधे झाकण आणि पिवळसर बल्ब यांचा आग्रह धरावा, गावच्या पोरांना कॅमेरा हाताळायला शिकवावे. शहराने या कलेला हिशेब आणि चिकाटी शिकवली. आता ती विद्या काळोख राखणाऱ्या गावांपर्यंत गेली, तरच या छायाचित्रांना आपली अशी ओळख मिळेल.