ग्रहणाची थाप आणि म्हातारीचा वेष

मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबईस उतरला आणि लवकरच बडोद्यास जाऊन सयाजीराव गायकवाडांचा पाहुणचार घेता झाला. हत्तीवरून फिरला, सोन्यारुप्याच्या तोफा पाहिल्या, आणि पुढे 'फॉलोइंग द इक्वेटर' (१८९७) या प्रवासवर्णनात बडोद्यासाठी काही पाने राखून ठेवली. जुन्या बडोदेकर घरांत ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मात्र हा साठीला टेकलेला गृहस्थ पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला तो हौसेने नव्हे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. १८९४ साली त्याचे दिवाळे निघाले होते. पेज नावाच्या संशोधकाचे छापखान्यातील खिळे जुळविणारे यंत्र जग बदलून टाकील या खात्रीने त्याने त्यात आपली पुंजी ओतली होती. यंत्राने ती गिळली आणि बाजारात काही ते उभे राहिले नाही. व्याख्याने देत देत तो धनकोंची देणी फेडीत होता.

हे यंत्र त्याचा पैसा गिळीत होते त्याच वर्षांत त्याने यंत्रविद्येवर अमर्याद विश्वास असणाऱ्या एका माणसाची कादंबरी लिहिली, 'अ कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट' (१८८९). कालप्रवासी मध्ययुगात जाऊन पडतो, कैद होतो आणि सोंगाच्या किंवा थापेच्या बळावर निसटतो, हा कथाप्रकार आता चांगलाच रुळला आहे. मायकेल क्रायटनच्या 'टाइमलाइन'मध्ये (१९९९) इतिहासाचे विद्यार्थी १३५७ सालच्या फ्रान्समध्ये तेच करतात. चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर तर त्याला तोटाच नाही. या घराण्याचा मूळपुरुष म्हणून बोट दाखवायचे तर ते ट्वेनकडेच जाते. पण मूळपुरुषाने जे सांगितले त्यातील गंमत तेवढी वंशजांनी उचलली आणि जे बोचणारे होते ते मागे टाकले, असे मला ही कादंबरी पुन्हा वाचताना वाटले.

कथा थोडक्यात अशी. हार्टफर्डच्या कोल्ट शस्त्रकारखान्यातील मुकादम हँक मॉर्गन भांडणात डोक्यात पहारेचा तडाखा बसून बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तो इ.स. ५२८ मधल्या इंग्लंडात, एका ओकवृक्षाखाली. सर के नावाचा सरदार त्याला पकडून कॅमलॉटला नेतो. त्याचे कपडे मंतरलेले आहेत असे सर्वांना वाटते. मर्लिन सुचवितो की ते काढून घ्या, म्हणजे झाले. भर दरबारात त्याला नागवे करून २१ जूनला दुपारी जाळण्याची शिक्षा फर्मावली जाते. हँकला आठवते की नेमके त्याच दिवशी, बारा वाजून तीन मिनिटांनी, खग्रास सूर्यग्रहण आहे. तो अंधारकोठडीतून निरोप धाडतो की मला हात लावाल तर सूर्य विझवीन. सरणावर उभा असताना ग्रहण लागते, राजा गर्भगळित होतो, आणि हँक तेथेच सौदा करतो: कायमचे प्रधानपद आणि वाढलेल्या महसुलावर शेकडा एक.

यातील दोन बारकावे संक्षिप्त आवृत्त्यांत हमखास गळतात. ग्रहण ऐन वेळी लागते ते हँकच्या हिशेबामुळे नव्हे. क्लॅरन्स नावाच्या पोराने त्याला दिवस चुकीचा सांगितलेला असतो, त्यामुळे एक दिवस आधीच आपल्याला सरणावर आणले अशा समजुतीने तो मरणाची तयारी करून बसलेला असतो; सूर्य काळवंडू लागतो तेव्हा जमावाइतकाच तोही चकित होतो. दुसरा बारकावा कपड्यांचा. खग्रास पुरते होईपर्यंत वेळ काढायचा म्हणून तो अंगावर घालायला वस्त्रे मागतो आणि राजा त्याला राजपुत्राचा पोशाख देववितो. म्हणजे एका वेषामुळे पकडला गेलेला माणूस दुसऱ्या वेषात सत्ताधीश होतो. मधल्या काही घटकांत तो जसा होता तसा, उघडा आणि घाबरलेला, आपल्याला दिसतो. पुढच्या सबंध कादंबरीत तो पुन्हा तसा फारसा दिसत नाही.

प्रत्यक्षात ५२८ च्या २१ जूनला सूर्यग्रहण झालेलेच नाही. ते ट्वेनने सोयीसाठी लावून घेतले आहे. त्याबद्दल कादंबरीकाराशी कोणी हुज्जत घालू नये. माझी अडचण निराळी आहे. ही थाप चालण्यासाठी कैद करणारे अडाणी असावे लागतात, आणि मध्ययुग म्हटले की माणसे अडाणीच असणार हे वाचकाने आधीच कबूल केलेले असावे लागते. आर्यभटाने 'आर्यभटीय' रचले ते इ.स. ४९९ मध्ये. चंद्र आणि पृथ्वी यांच्या छायांमुळे ग्रहणे होतात हे त्यात सांगितले आहे आणि त्यांच्या गणिताची रीतही दिली आहे. हँक सरणावर चढतो त्याच्या एकोणतीस वर्षे आधीची ही गोष्ट. पुढे १५२० मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने 'ग्रहलाघव' लिहून हे गणित इतके सुटसुटीत केले की पंचांगकर्त्यांच्या पिढ्यानपिढ्या त्यावर चालल्या. आपल्याकडच्या एखाद्या गावात हँकने ही धमकी दिली असती तर गावच्या जोशीबुवांनी स्पर्श, मध्य आणि मोक्षाच्या घटिका सांगून वर स्नानाची आठवण करून दिली असती. ग्रहणाची भीती आपल्याकडे नव्हती असे नव्हे. माझ्या आजीने ग्रहणात कधी भाजी चिरली नाही. पण ते केव्हा लागणार हे तिला भिंतीवरच्या पंचांगातून महिनाभर आधी ठाऊक असे.

ही युक्ती ट्वेनने इतिहासातून उचलली आणि ते तो लपवीतही नाही. हँकलाच कोलंबसाची आठवण होते. २९ फेब्रुवारी १५०४ च्या चंद्रग्रहणाचा धाक घालून कोलंबसाने जमैकातील रहिवाशांकडून अन्न मिळविले होते. या प्रसंगाला साहित्यातले खरे उत्तर मिळाले ते ऑगुस्तो मोंतेरोसो यांच्या 'एल एक्लिप्से' या पानभराच्या कथेत. ग्वाटेमालाच्या अरण्यात वाट चुकलेला स्पॅनिश धर्मोपदेशक बळी दिला जाण्याच्या बेतात असताना हीच धमकी देतो. दोन तासांनी वेदीवर त्याचे रक्त वाहत असते, आणि एक माया माणूस पोथ्यांत नोंदलेल्या ग्रहणांच्या तारखा एका सुरात म्हणत असतो. ही कथा वाचल्यावर कॅमलॉटच्या चौकातील टाळ्या पूर्वीसारख्या ऐकू येत नाहीत.

येथे आपल्या वाचकाच्या मनात आग्रा आल्यावाचून राहणार नाही. १६६६ च्या ऑगस्टमधील ती सुटका कालप्रवासाची नाही हे उघड आहे. तरी युक्ती कशावर उभी असते हे तपासायला ती उपयोगी पडते. आजाराची बतावणी, दानधर्माचे पेटारे, अंथरुणावर पांघरूण घेऊन पडलेला हिरोजी: बखरींनी पोचविलेल्या या कथेत पहारेकऱ्याला मूर्ख मानलेले नाही. रोज पेटारे तपासून तो कंटाळणार आणि कंटाळल्यावर तपासणार नाही, हे त्याच्याकडे माणूस म्हणून पाहिल्यावाचून सुचत नाही. हँकची थाप समोरच्याच्या अज्ञानावर उभी आहे. ही युक्ती समोरच्याविषयीच्या ज्ञानावर. हा भेद कालप्रवासाच्या कथा लिहिणाऱ्यांनी फारसा ओळखलेला नाही.

ट्वेन मोठा लेखक आहे तो अशासाठी की पुढे त्याने स्वतःच हँकला या ज्ञानाच्या परीक्षेस बसविले आणि नापास केले. कादंबरीचा उत्तम भाग तोच. राजा आर्थर आणि हँक सामान्य शेतकऱ्याच्या वेषात राज्य पाहायला निघतात. वेष बेमालूम, पण राजाचा ताठा जात नाही. हँक त्याला खांदे पाडायला, नजर खाली ठेवायला शिकवितो, भर रस्त्यात तालीम घेतो, आणि राजा प्रत्येक वेळी नापास होतो. येथपर्यंत विनोद आहे. मग देवीच्या साथीत सापडलेल्या एका झोपडीपाशी ते येतात. हँक राजाला बाहेर ठेवू पाहतो; राजा ऐकत नाही. माळ्यावर मरणाच्या दारात असलेल्या मुलीला हातांवर उचलून तो शिडीवरून खाली आणतो आणि आईच्या कुशीत देतो. ते राजपण दरबारी पोशाखात कधी दिसले नव्हते. राजाचे सोंग वठत नाही, कारण त्याच्यापाशी सोंगाखाली काही आहे; हँकचे सोंग सहज वठते. ट्वेनने हे वाक्य लिहिलेले नाही, पण प्रसंग दुसरे काही सांगत नाही.

यानंतरची मजुरी आणि महागाईवरची चर्चा मला दर वेळी कंटाळवाणी वाटते; कादंबरीकाराने तेथे वृत्तपत्रातील अग्रलेख मध्येच चिकटविला आहे. तरी त्या कंटाळ्यातून एक गोष्ट निष्पन्न होते. वादात लोहार हार मानीत नाही म्हणून चिडलेला हँक त्याला कायद्याची भीती घालतो: ठरल्यापेक्षा जास्त मजुरी दिलीस, तुला खोड्यात घालता येईल. क्षणात यजमानाचे घर शत्रूचे घर होते. त्यात राजा शेतीविषयी काहीतरी अचाट बोलतो आणि जमाव दोघांवर तुटून पडतो. वेषांतर उघडे पडते ते कपड्यांमुळे नव्हे, धाक दाखविण्याच्या हँकच्या सवयीमुळे.

एक सरदार त्यांना जमावापासून वाचवितो आणि आपण स्वतंत्र माणसे आहोत हे सिद्ध करता येत नाही म्हणून गुलाम म्हणून विकून टाकतो. राजाचे सात डॉलर, हँकचे नऊ. गुलामीपेक्षा त्या सातच्या आकड्यानेच राजा व्यथित होतो, ही ट्वेनची खास चुणूक. राजाच्या ताठ्यामुळे गिऱ्हाईक बिचकते म्हणून मालक त्याला बदडून वाकवू पाहतो आणि थकतो.

लंडनमध्ये हँक मोठा बेत रचतो: चोरलेल्या तारेने कुलूप उघडायचे, मालकाला गाठून साखळदंडात घालायचे, त्याचे कपडे चढवून निघून जायचे. कुलूप उघडते, अंधारात तो भलत्याच माणसावर झडप घालतो आणि चौकीत जातो. न्यायासनासमोर नवी थाप, आपण एका बड्या उमरावाचे नोकर असून वैद्य आणायला धावत होतो, आणि सुटका. बाहेर येतो तो कळते की संतापलेल्या मालकाला गुलामांनी ठार केले असून सर्वांना फाशी ठरली आहे. कपडे बदलून तो कॅमलॉटला तार करतो, पण पुन्हा पकडला जातो. फास गळ्यात पडण्याच्या क्षणी लॉन्सलॉट पाचशे सरदारांनिशी सायकलींवरून येऊन पोचतो. हे दृश्य विसरता येत नाही, वाचक हसतोच. पण ते येईपर्यंत काही गुलाम फासावर गेलेले असतात. हँकने कुलूप उघडले नसते तर मालक पिसाळला नसता, ही साखळी ट्वेन शांतपणे मांडतो. हँक तिच्यापाशी फार थांबत नाही. थापेची किंमत बहुधा थाप मारणारा देत नाही.

या ठिकाणी दोन उत्तरकालीन कृती आठवतात. कॉनी विलिसच्या 'डूम्सडे बुक'मधील (१९९२) किव्रिन ही विद्यार्थिनी चौदाव्या शतकात जाते ती भाषा, पोशाख आणि रचलेली पूर्वकथा यांची कसून तयारी करून. प्लेगच्या साथीत ती तयारी कुचकामी ठरते. तिला येताना पाहणारा खेडवळ धर्मगुरू तिला संत समजतो, आणि मरणाऱ्यांची शुश्रूषा करता करता ती त्या समजुतीला जागते. दुसरी आपल्या घरची, जयंत नारळीकरांची गंगाधरपंतांची कथा. पानिपत मराठ्यांनी जिंकले अशा निराळ्या इतिहासात पोचलेले हे प्राध्यापक कोणताच वेष घेत नाहीत. सभेत रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि मार खातात. परत येताना खिशात बखरीचे एक पान तेवढे असते. हँक तेथे असता तर त्याने त्या सभेचा कारभारच हाती घेतला असता.

कादंबरीचा शेवट १९४९ च्या बिंग क्रॉस्बीच्या गीतपटात नाही, आणि का नाही हे समजण्याजोगे आहे. धर्मसत्ता हँकवर उलटते. तो, क्लॅरन्स आणि बावन्न मुलगे एका गुहेत विजेच्या तारा आणि गॅटलिंग तोफा रोवून बसतात आणि पंचवीस हजार सरदार मारतात. मग प्रेतांचा खच त्यांना चहूकडून वेढतो. हवा नासते, माणसे आजारी पडू लागतात, बाहेर पडायला वाट नसते. आजवर प्रत्येक कैदेतून निसटलेला माणूस स्वतःच्या विजयाचा कैदी होतो.

त्या वेळी एक म्हातारी येते. साधी खेडूत बाई. तुमचा स्वयंपाक करते म्हणते. कोणालाही संशय येत नाही. ती म्हातारी म्हणजे मर्लिन. ज्याच्या जादूची हँकने आयुष्यभर टर उडविली, ज्याचा मनोरा त्याने सुरुंगाने उडविला, तो थोतांडी म्हातारा बाईच्या वेषात येतो आणि त्याला तेरा शतकांची झोप देऊन जातो. सबंध कादंबरीत खरोखर लागू पडलेली जादू एवढीच. हसत सुटलेला मर्लिन विजेच्या तारेला चिकटून मरतो, हा ट्वेनने समतोलासाठी घातलेला तपशील मला अनावश्यक वाटतो. पण ते वेषांतर अचूक आहे. मर्लिनने शत्रूचे निरीक्षण केले होते. यंत्रापाशी बसलेल्या या पोरांना कोणी गरम जेवण करून घालील तर ती नको म्हणणार नाहीत, हे त्याला कळले होते. त्याला सूर्य विझवावा लागला नाही.

हँक जागा होतो तो आपल्या काळात, आणि तेथे तो परका आहे. त्याची बायको सँडी आणि लहानगी मुलगी तेरा शतकांपलीकडे राहिली आहेत. मरणाच्या ग्लानीत तो तिच्याशी बोलतो, मग एकाएकी तटावर लोक उभे करण्याचे हुकूम सोडू लागतो. निवेदक सांगतो की तो आणखी एका देखाव्याच्या तयारीस लागला होता, आणि ती तयारी अर्धीच राहिली.